आकड्यांतून हवामान शोधणारे शास्त्रज्ञ : लुईस फ्राय रिचर्डसन

रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरील बातम्यांच्या अखेरीस हवामानाचा अंदाज सांगितला जातो. पाऊस कोठे पडेल, वारे कोणत्या दिशेने वाहतील, चक्रीवादळ किनाऱ्याला केव्हा धडकेल, याची माहिती श्रोते सवयीने ऐकतात. या अंदाजामागे महासंगणकांवर अहोरात्र चालणारे गणित असते. ते गणित संगणकाचा शोध लागण्यापूर्वी, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, एका रुग्णवाहिका चालकाने हाताने करून पाहिले होते. त्याचे उत्तर पूर्णपणे चुकले. तरीही संख्यात्मक हवामान अंदाजाचा इतिहास लिहिताना पहिले मानाचे स्थान त्यालाच दिले जाते. त्या शास्त्रज्ञाचे नाव लुईस फ्राय रिचर्डसन.

रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडच्या ईशान्येकडील न्यूकॅसल शहरात झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. वडिलांचा कातडी कमावण्याचा व्यवसाय होता. घराणे क्वेकर पंथाचे होते. हा ख्रिस्ती पंथ कोणत्याही कारणासाठी शस्त्र हाती घेणे त्याज्य मानतो. यॉर्क येथील बूथम या क्वेकर शाळेत आणि नंतर न्यूकॅसल येथे शिक्षण घेतल्यावर त्यांनी केंब्रिजच्या किंग्ज महाविद्यालयातून १९०३ मध्ये विज्ञानाची पदवी प्रथम श्रेणीत मिळविली.

त्यानंतरची दहा वर्षे त्यांनी एका ठिकाणी फारसा मुक्काम केला नाही. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, वेल्समधील एक महाविद्यालय, विजेचे दिवे बनविणारी कंपनी, मँचेस्टरची तंत्रशाळा अशा अनेक ठिकाणी त्यांनी काम केले. वरवर पाहता हा प्रवास भरकटलेला वाटतो. मात्र त्यांच्या पुढील कार्याचे बीज याच काळात रुजले. १९०६ मध्ये ते पीट उद्योगातील एका कंपनीत रसायनतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. पीट म्हणजे दलदलीत वनस्पती कुजून तयार होणारा जळाऊ थर. तो काढण्यापूर्वी त्यातील पाणी वाहून जावे म्हणून चर कोठे व कसे खणावेत, असा प्रश्न होता. पाण्याच्या प्रवाहाची समीकरणे माहीत होती, परंतु ती नेहमीच्या रीतीने सुटत नव्हती. रिचर्डसन यांनी जमिनीचे लहान लहान चौकोन कल्पिले आणि प्रत्येक चौकोनासाठी समीकरणाऐवजी साधी बेरीज-वजाबाकी व गुणाकार मांडले. उत्तर तंतोतंत नसले तरी ते व्यवहारात वापरण्याइतके अचूक होते.

हीच पद्धत त्यांनी दगडी धरणाच्या भिंतीत निर्माण होणारे ताण मोजण्यासाठी वापरली आणि १९१० मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यातील आकडेमोडीसाठी त्यांनी काही मुलांना कामाच्या प्रमाणात मोबदला देऊन कामाला लावले होते. त्यांपैकी एक चपळ मुलगा आठवड्याला सुमारे २ हजार गणिती क्रिया करीत असे. त्या काळी इंग्रजीत कॉम्प्युटर हा शब्द यंत्रासाठी नव्हे, तर अशी आकडेमोड करणाऱ्या माणसासाठीच वापरला जाई, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

१९०९ मध्ये त्यांचा विवाह डोरोथी गार्नेट यांच्याशी झाला. या दाम्पत्याने पुढे तीन मुले दत्तक घेतली. डोरोथी यांनी पतीच्या विक्षिप्त वाटणाऱ्या प्रयोगांत अखेरपर्यंत साथ दिली. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळून बुडाले. त्यानंतर काही दिवसांतच रिचर्डसन यांनी ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून समोरील अडथळा ओळखण्याच्या उपकरणाच्या एकस्वासाठी अर्ज केला. त्याच्या चाचणीसाठी डोरोथी होडी वल्हवीत आणि रिचर्डसन शिट्टी फुंकून, कानामागे उघडी छत्री धरून परत येणारा आवाज टिपत असत.

१९१३ मध्ये ब्रिटिश हवामान विभागाने त्यांची स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर वेधशाळेचे अधीक्षक म्हणून नेमणूक केली. लंडन परिसरातील विजेच्या ट्रामगाड्यांमुळे भूचुंबकीय मोजमापांत व्यत्यय येऊ लागल्याने ही वेधशाळा मुद्दाम दूर, निर्जन डोंगराळ भागात उभारण्यात आली होती. पावसाळी, कुंद हवेच्या त्या ठिकाणी रिचर्डसन यांना विचार करावयास भरपूर निवांतपणा मिळाला.

त्या काळी हवामानाचा अंदाज ही बव्हंशी अनुभवाची बाब होती. आजचा नकाशा पूर्वीच्या कोणत्या नकाशाशी जुळतो हे पाहावयाचे आणि तेव्हा जे घडले तेच पुन्हा घडेल असे मानावयाचे, अशी रीत होती. भारतातही त्याच सुमारास हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या जुन्या नोंदींतील परस्परसंबंध शोधत होते. रिचर्डसन यांना नोंदींची पुनरावृत्ती हा भक्कम पाया वाटला नाही. वातावरण हे भौतिकशास्त्राच्या नियमांनी चालते. तेव्हा आजची स्थिती नेमकी ठाऊक असेल तर उद्याची स्थिती गणिताने काढता आली पाहिजे, असा विचार नॉर्वेचे शास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी १९०४ मध्ये मांडला होता. तो प्रत्यक्षात उतरविण्याचे साधन आपल्यापाशी आहे, हे रिचर्डसन यांनी ओळखले. दलदलीतील पाणी आणि धरणाची भिंत यांसाठी वापरलेले चौकोन आता त्यांना आकाशात मांडावयाचे होते.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. क्वेकर असल्याने रिचर्डसन यांनी सैन्यात जाण्यास नकार दिला. परंतु इतर माणसे मरत असताना सुरक्षित वेधशाळेत बसून राहणेही त्यांना मानवेना. १९१६ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकात चालक म्हणून ते फ्रान्समध्ये दाखल झाले. फ्रेंच पायदळाच्या १६ व्या डिव्हिजनला जोडलेल्या या पथकाचे काम आघाडीवरील जखमी सैनिकांना तोफांच्या माऱ्यातून मागे आणण्याचे होते. पुढे कादंबरीकार म्हणून प्रसिद्धी पावलेले ओलाफ स्टेपलडन हे याच पथकात त्यांचे सहकारी होते.

पुस्तकाचे हस्तलिखित रिचर्डसन यांनी सोबत नेले होते. त्यात एका गोष्टीची उणीव होती. पद्धत सांगितली होती, पण ती चालते हे दाखविणारे उदाहरण नव्हते. विश्रांतीच्या तळावर, गवताच्या ढिगावर कागद पसरून, स्लाइड रूल आणि लॉगॅरिथमच्या कोष्टकांच्या आधारे त्यांनी ते उदाहरण सोडवावयास घेतले. यासाठी त्यांनी २० मे १९१० हा दिवस निवडला. त्या दिवशी युरोपात अनेक ठिकाणांहून फुगे सोडून उंचावरील हवेची मोजमापे घेण्यात आली होती आणि ब्यर्कनेस यांनी त्यांचे पद्धतशीर नकाशे तयार केले होते. रिचर्डसन यांनी मध्य युरोपचा नकाशा बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे सुमारे २०० किलोमीटर बाजूच्या घरांत विभागला. जमिनीपासून वरपर्यंत वातावरणाचे पाच थर कल्पिले. एका घरात वायुदाब, तर शेजारच्या घरात वाऱ्याचा संवेग, अशी मांडणी केली. सकाळी ७ वाजताची स्थिती हाती धरून म्युनिकजवळच्या एका ठिकाणी सहा तासांच्या अवधीत वायुदाब किती बदलेल, एवढाच प्रश्न होता. २३ प्रकारचे तक्ते भरावे लागले. या आकडेमोडीला जवळजवळ सहा आठवडे लागले.

उत्तर आले ते असे, की वायुदाब सहा तासांत १४५ मिलिबारने वाढेल. या आकड्याचा अर्थ समजण्यासाठी एक तुलना पुरेशी आहे. समुद्रसपाटीवरील सरासरी वायुदाब सुमारे १०१३ मिलिबार असतो. १९७९ मध्ये प्रशांत महासागरातील टिप या महाभयंकर वादळाच्या केंद्रात तो ८७० मिलिबारपर्यंत उतरला होता. म्हणजे जगातील सर्वांत खोल वादळ आणि सर्वसाधारण हवा यांच्यात जितका फरक असतो, त्याहूनही थोडा अधिक बदल रिचर्डसन यांच्या गणिताने एका सकाळी दाखविला होता. प्रत्यक्षात त्या दिवशी तेथील वायुदाब जवळपास स्थिर होता.

एप्रिल १९१७ मध्ये शँपेनच्या लढाईच्या वेळी हस्तलिखित सुरक्षिततेसाठी पिछाडीला पाठविण्यात आले आणि ते हरवले. काही महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. ते सापडले नसते तर ही सारी हकीकत आज कोणाला ठाऊकही झाली नसती.

केंब्रिज विद्यापीठ मुद्रणालयाने हे पुस्तक १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. संख्यात्मक प्रक्रियेद्वारे हवामानाचा अंदाज, असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ होतो. चुकलेले उदाहरण गाळून पुस्तक प्रसिद्ध करणे सहज शक्य होते. रिचर्डसन यांनी ते सर्व आकड्यांनिशी छापले आणि उत्तर चुकीचे असल्याचे स्वतःच नमूद केले. दोष आपल्या पद्धतीत नसून आरंभीच्या वाऱ्यांच्या नोंदींत असावा, असे कारणही त्यांनी दिले. शास्त्रीय प्रामाणिकपणाची अशी उदाहरणे विरळाच आढळतात. पुढच्या पिढीला चूक नेमकी कोठे झाली हे तपासता आले, ते केवळ या प्रामाणिकपणामुळेच.

त्यांचे निदान बरेचसे खरे होते. एखाद्या ठिकाणी काही थरांत हवा आत येते, काही थरांतून बाहेर जाते. या दोन मोठ्या राशी एकमेकींना जवळजवळ रद्द करतात आणि उरलेल्या अल्पशा फरकावर वायुदाबाचा बदल ठरतो. वाऱ्याच्या नोंदीत किंचित चूक असली, तरी तो फरक अवाढव्य होतो. उसाने भरलेला ट्रक काट्यावर दोनदा चढवून त्यातील एका उसाचे वजन काढण्यासारखाच हा प्रकार. ऑस्ट्रियाचे मॅक्स मार्गुलेस यांनी १९०४ मध्येच या धोक्याकडे लक्ष वेधले होते. असमतोल नोंदींमुळे गणितात वेगाने धावणारे तरंग उद्भवतात. निसर्गात ते क्षीण असतात, पण रिचर्डसन यांच्या तक्त्यांत त्यांनीच मुख्य हवामानाला झाकून टाकले. शिवाय १९२८ मध्ये कुरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी या गणितज्ञांनी सिद्ध केले, की घरांच्या आकारमानाच्या मानाने काळाचा टप्पा पुरेसा लहान नसेल तर असे गणित पुढे पुढे कोलमडत जाते. रिचर्डसन यांचा टप्पा याही कसोटीवर मोठा होता. मात्र त्यांनी एकच टप्पा मोजल्याने तो दोष प्रकट होण्यास वाव मिळाला नाही.

याच पुस्तकात रिचर्डसन यांनी एक कल्पनाचित्र रंगविले आहे. एका प्रचंड गोलाकार सभागृहाच्या भिंतींवर पृथ्वीचा नकाशा रंगविलेला आहे. छतावर उत्तर ध्रुव, तळाशी दक्षिण ध्रुव. सज्जांमधून ६४ हजार माणसे बसली आहेत आणि प्रत्येक जण आपल्या वाट्याच्या प्रदेशाचे गणित करीत आहे. मध्यभागी उंच मनोऱ्यावर एक संचालक उभा आहे. जो विभाग पुढे धावतो त्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, जो रेंगाळतो त्यावर निळा. हवामान बदलण्यापूर्वी त्याचे गणित पुरे व्हावे, यासाठी इतकी माणसे लागतील असा त्यांचा हिशेब होता. हजारो प्रक्रियकांना एकाच वेळी कामाला लावणाऱ्या आजच्या महासंगणकाच्या रचनेशी या चित्राचे साम्य थक्क करणारे आहे. त्यांचा हिशेब मात्र पुष्कळ कमी होता. नंतरच्या अभ्यासकांच्या मते खरी गरज दोन लाखांहून अधिक माणसांची होती.

पुस्तकाच्या ७५० प्रती छापण्यात आल्या. किंमत ३० शिलिंग होती. त्या खपण्यास अनेक वर्षे लागली. समीक्षकांनी लेखकाच्या धाडसाचे कौतुक केले, पण एवढ्या कष्टाने चुकीचे उत्तर देणारी पद्धत वापरण्याचे कोणाच्या मनात येणे शक्यच नव्हते.

तोपर्यंत रिचर्डसन यांनी हवामान विभाग सोडलाही होता. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ते ऑक्सफर्डशायरमधील बेन्सन येथील केंद्रात विभागाच्या सेवेत परतले होते. परंतु १९२० मध्ये हवामान विभाग हवाई मंत्रालयाच्या, म्हणजे पर्यायाने हवाई दलाच्या छत्राखाली आला. सैन्याशी संबंध असलेल्या खात्यात काम करणे त्यांच्या विवेकबुद्धीला पटले नाही. त्यांनी पुन्हा राजीनामा दिला आणि लंडनमधील वेस्टमिन्स्टर ट्रेनिंग कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवू लागले.

शिक्षकी पेशात राहून त्यांनी वातावरणातील खळबळीचा अभ्यास चालू ठेवला. हवेचा प्रवाह केव्हा शांत राहील आणि केव्हा भोवऱ्यांत मोडेल हे दर्शविणारा अंक आज रिचर्डसन अंक म्हणून ओळखला जातो. १९२६ मध्ये हवेत पसरणाऱ्या कणांविषयीचा त्यांचा मूलगामी निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. आता हवामानशास्त्रात त्यांच्यासमोर मोठे भवितव्य होते. पण हवेतील प्रसरणाच्या या संशोधनात सर्वाधिक रस विषारी वायूंच्या तज्ज्ञांना असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी हे काम थांबविले आणि अप्रकाशित कागदपत्रे नष्ट केली. डोरोथी यांनी हा काळ अतिशय दुःखाचा होता असे नोंदविले आहे. त्या कागदांत काय होते हे आता कधीच कळणार नाही. विज्ञानाचे यात नुकसान झाले यात शंका नाही; परंतु ते नुकसान त्यांनी समजून उमजून स्वीकारले होते.

त्यानंतर त्यांनी मानसशास्त्राची पदवी घेतली. त्या वेळी त्यांचे वय ४८ च्या घरात होते. १९२९ मध्ये ते ग्लासगोजवळच्या पेझ्ली येथील तांत्रिक महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि उर्वरित आयुष्य त्यांनी युद्धाच्या गणिताला वाहिले. दोन राष्ट्रे परस्परांच्या भीतीने शस्त्रे कशी वाढवीत जातात, याची समीकरणे त्यांनी मांडली. पूर्ण वेळ याच कामाला देण्यासाठी १९४० मध्ये त्यांनी प्राचार्यपद सोडले. १८२० पासूनच्या युद्धांची आणि प्राणघातक संघर्षांची त्यांनी यादी केली. युद्धे सुरू होण्याच्या घटना काळाच्या ओघात जवळजवळ यादृच्छिक रीतीने विखुरलेल्या आढळतात, असा निष्कर्ष त्यातून निघाला. सामाईक सीमेच्या लांबीचा युद्धाशी संबंध तपासताना त्यांना विलक्षण गोष्ट दिसली. स्पेन व पोर्तुगाल यांच्या एकाच सीमेची लांबी एका ठिकाणी ९८७, तर दुसऱ्या ठिकाणी १२१४ किलोमीटर दिली होती. मोजपट्टी जितकी लहान तितकी सीमा लांब भरते, हे त्यांनी दाखविले. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या या टिपणाचा आधार घेऊन बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याच्या लांबीवरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिला.

हवामानाचा विषय मात्र त्यांच्याकडे पुन्हा परत आला, तोही लष्कराच्या वाटेने. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तोफगोळ्यांच्या मार्गाची कोष्टके तयार करण्यासाठी एनिॲक हे इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र बांधण्यास घेण्यात आले. प्रिन्स्टन येथे जॉन फॉन नॉयमन यांनी या नव्या यंत्रांचा उपयोग हवामानासाठी करण्याचे ठरविले आणि तरुण शास्त्रज्ञ ज्यूल चार्नी यांच्याकडे ते काम सोपविले. चार्नी यांनी रिचर्डसन यांच्या चुकीपासूनच सुरुवात केली. उपद्रवी वेगवान तरंग मुळातच वगळले जातील अशी सोपी समीकरणे त्यांनी निवडली. मार्च १९५० मध्ये मेरिलँड राज्यातील ॲबरडीन या लष्करी केंद्रावर एनिॲकने ही समीकरणे सोडविली. २४ तासांच्या अंदाजाला सुमारे २४ तास लागले. म्हणजे यंत्र हवामानाच्या जेमतेम बरोबरीने चालले.

चार्नी यांनी निकाल रिचर्डसन यांच्याकडे पाठविले. रिचर्डसन यांनी एक घरगुती परीक्षा घेतली. आरंभीचा नकाशा, यंत्राने काढलेला नकाशा आणि प्रत्यक्ष घडलेल्या हवामानाचा नकाशा डोरोथी यांच्यापुढे ठेवून, कोणता कशाशी अधिक जुळतो हे त्यांना विचारले. डोरोथी यांचा कौल सरासरीने यंत्राच्या बाजूने, थोड्याशा फरकाने पडला. आपल्या एकमेव आणि सपशेल चुकलेल्या उत्तराच्या तुलनेत ही फार मोठी मजल आहे, असे रिचर्डसन यांनी चार्नी यांना कळविले आणि त्यांचे अभिनंदन केले.

त्या वेळी ते स्कॉटलंडमधील किल्मन या खेड्यात राहत होते. प्रयोगांची हौस कायम होती. याच परिसरातील लाँग या सागरी खाडीत गाजरासारख्या पार्सनिप कंदाचे तुकडे तरंगत सोडून, ते एकमेकांपासून किती वेगाने दूर जातात हे त्यांनी अमेरिकन सागरशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांच्यासमवेत मोजले होते. ३० सप्टेंबर १९५३ रोजी किल्मन येथे त्यांचे निधन झाले.

पुढील वर्षी, १९५४ मध्ये, स्वीडनमध्ये संगणकावर रोजच्या वापरासाठी अंदाज तयार होऊ लागले. १९५५ मध्ये अमेरिकेने, तर २ नोव्हेंबर १९६५ रोजी खुद्द ब्रिटिश हवामान विभागाने ही पद्धत नियमित कामकाजात आणली. त्याच वर्षी रिचर्डसन यांचे पुस्तक अमेरिकेत पुन्हा छापले गेले. भारतात यासाठी १९८८ मध्ये राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राची स्थापना झाली आणि क्रे कंपनीचा महासंगणक आणण्यात आला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये प्रत्यूष आणि २०२४ मध्ये अर्क हे महासंगणक कार्यान्वित झाले. याच संस्थेत विकसित झालेली भारत अंदाज प्रणाली मे २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आली. तिच्यातील घरे सुमारे ६ किलोमीटरची आहेत. रिचर्डसन यांची २०० किलोमीटरची होती.

आयर्लंडचे हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी २० मे १९१० च्या त्याच नोंदी घेऊन संगणकावर तेच गणित पुन्हा केले. प्रथम रिचर्डसन यांचीच रीत वापरली, तेव्हा १४५ मिलिबार हेच उत्तर आले. गवताच्या ढिगावर केलेली आकडेमोड मुळात बरोबर होती. मग आरंभीच्या नोंदींतील असमतोल चाळणी लावून दूर केला आणि समीकरणे तशीच ठेवली. या वेळी सहा तासांतील बदल एक मिलिबारहूनही कमी निघाला.